आकाशातली दंडार आणि आपली पोरं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी इथे धानाच्या बांध्या होत्या. पावसाळ्यात प्लॉट पाहायला आलो तेव्हा चप्पल चिखलात रुतून बसली होती, ती काढायला दोघे लागले. आज इथे बत्तीस घरं आहेत, पाण्याची टाकी आहे, पक्का रस्ता आहे. सहकाराशिवाय हे झालं नसतं.

सचिव साहेबांनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे कुठेही गेलो तरी लोक मला मुदत ठेवीवरच बोलायला लावतात. या विषयावर आपल्याच संस्थेत मी तीनदा बोललो आहे. तिन्ही वेळा दहा मिनिटांत निम्मी सभा पेंगायला लागली होती, हे मी व्यासपीठावरून पाहिलं आहे. म्हणून या वेळी विषय बदलून मागितला. मी आज बोलणार आहे अवकाशातल्या साहसांच्या कॉमिक्सवर आणि कार्टून चित्रपटांवर. हसा, हसा. सचिव साहेबही हसले होते. पण या विषयाचा आपल्या संस्थेच्या एका ठरावाशी संबंध आहे, तो शेवटी सांगतो.

सुरुवात एका संध्याकाळपासून करतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. पुरणपोळीचं जेवण झालेलं, उकाडा होता, म्हणून बरीच मंडळी आपापल्या स्लॅबवर बसली होती. अंधार पडल्यावर एकाएकी आकाशातून जळत्या निखाऱ्यांची एक रांगच्या रांग सरकत गेली. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली आहे. कोणी म्हणालं विमान पेटलं, कोणी म्हणालं क्षेपणास्त्र. शेजारच्या मावशींनी हात जोडले. मीही, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं. तेवढ्यात बाजूच्या घरचा सातवीतला पोरगा कठड्याला टेकून अगदी शांतपणे म्हणाला, "विमान नाही जी आबाजी. रॉकेटचा तुकडा खाली येऊन राहिला. हवेच्या घर्षणानं जळून राहिला."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं होतं. त्याच तालुक्यात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. सिंदेवाही आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. सुदैवानं कोणाला लागलं नाही.

मी त्या पोराला विचारलं, तुला कसं रे कळलं? तो म्हणाला, "कार्टूनमध्ये पाहिलं होतं, मग पुस्तकात शोधलं." आणि मला आठवलं, आठच दिवस आधी याच पोराला मी त्याच्या वडिलांसमोर बोललो होतो, की दिवसभर ती रॉकेटची कार्टूनं पाहतोस, डोक्यात काय भरणार! त्या रात्री स्लॅबवरच्या पंधरा-वीस माणसांत न घाबरलेला माणूस तो एकटाच होता.

आता हा प्रकार काय आहे ते सांगतो. अवकाशयानं, दूरचे ग्रह, तिथले राजे, क्रूर सम्राट, लढाया, मैत्री, फितुरी अशा गोष्टींना इंग्रजीत 'स्पेस ऑपेरा' म्हणतात. ऑपेरा म्हणजे संगीत नाटक, पण यात गाणं वगैरे काही नसतं. अमेरिकेत साबणाच्या कंपन्या रेडिओवरच्या रडक्या मालिकांना पैसा पुरवत, म्हणून त्या मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणायचे. त्याच धर्तीवर १९४१ मध्ये विल्सन टकर नावाच्या लेखकानं अवकाशातल्या ठोकळेबाज गोष्टींना 'स्पेस ऑपेरा' म्हटलं. म्हणजे हे नाव मुळात एक शिवी होती. पुढे लोकांनी तीच शिवी प्रेमानं वापरायला सुरुवात केली.

आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला हे समजावून सांगायला एकच शब्द पुरे आहे. ही आकाशातली दंडार आहे. लहानपणी मंडईच्या रात्री आपण घोंगडी पांघरून दंडार पाहायचो. राजा मोठ्यानं बोलायचा, राक्षस त्याहून मोठ्यानं. तोंडाला रंग, कमरेला लाकडी तलवार, वरून सोनेरी कागद. ती तलवार लाकडाची आहे हे आम्हाला माहीत होतं. तरी राजा पडला की आम्ही रडायचो आणि सकाळी शाळेत जाताना खरं काय, खोटं काय, चांगलं कोण, वाईट कोण यावर भांडायचो. दंडार पाहून आम्ही बिघडलो नाही. मग पोरं यानं बिघडतील असं का समजावं?

माझं स्वतःचं सांगतो. शाळा-कॉलेजच्या काळात मी इंद्रजाल कॉमिक्सचा भक्त होतो. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनं १९६४ मध्ये ती सुरू केली होती. मराठीतही निघायची. त्यात वेताळ होता, जादूगार मॅन्ड्रेक होता आणि फ्लॅश गॉर्डन होता. एका टपरीवर ती वाचायला भाड्यानं मिळत. तिथेच उभं राहून वाचायची, घरी न्यायची नाही. पाय दुखायचे, पण डोकं मोंगो ग्रहावर असायचं.

फ्लॅश गॉर्डन ही चित्रमालिका अ‍ॅलेक्स रेमंड या चित्रकारानं ७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू केली. स्पुटनिक आकाशात गेला १९५७ मध्ये, म्हणजे त्याच्या तेवीस वर्षं आधी. गोष्ट अशी, की मोंगो नावाचा एक ग्रह पृथ्वीच्या दिशेनं येतो आहे. फ्लॅश, डेल नावाची तरुणी आणि डॉक्टर झारकोव्ह हे शास्त्रज्ञ रॉकेटमधून तिकडे जातात. तिथे मिंग नावाचा जुलमी सम्राट आहे. त्या ग्रहावर पंखांची माणसं आहेत, सिंहासारखी माणसं आहेत, जंगलात राहणारी माणसं आहेत. सगळे मिंगला भितात आणि आपसात भांडतात. फ्लॅश एकटा मिंगला हरवू शकत नाही. या भांडणाऱ्या लोकांना एकत्र आणल्यावरच काही होतं. विना सहकार नाही उद्धार, दुसरं काय!

आता मी माझी एक चूक सांगणार आहे. पंचवीस वर्षांत इथे कोणाला सांगितली नाही.

१९८८ साली माझी बदली झाली. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, सहावीत. त्याच्याकडे पत्र्याची एक पेटीभर कॉमिक्स होती. फ्लॅश गॉर्डन, वेताळ, आबिद सुरतींचा बहादूर. डायमंड कॉमिक्सचे हिंदी अंकही होते. त्यात चित्रकार प्राण यांचे चाचा चौधरी आणि गुरू ग्रहावरून आलेला साबू, शिवाय अवकाशात फिरणारा फौलादी सिंह. त्या वर्षी त्याला गणितात कमी मार्क पडले होते. सामान बांधताना मी ती पेटी उघडली आणि सगळं रद्दीवाल्याला दिलं. साडेनऊ किलो भरलं. आकडा अजून लक्षात आहे, कारण तराजूवर लक्ष ठेवायची माझी सवय.

पोरगा रडला नाही, भांडला नाही. रद्दीवाला अंक कसेही फेकत होता, तर हा खाली बसला आणि एकेक अंक सरळ करून गठ्ठ्यात लावून द्यायला लागला. कोपरे दुमडू नयेत म्हणून. मी म्हटलं, अरे, रद्दीच आहे ती. तो काही बोलला नाही. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, इंद्रजाल कॉमिक्स बंदच पडली.

मी स्वतः टपरीवर उभा राहून तीच पुस्तकं वाचलेला माणूस. मला ते आठवलं कसं नाही? बाप झालो की आपण स्वतःचं लहानपण आधी रद्दीत घालतो, मग पोराचं.

मुलगा आता पुण्यात असतो. पाच-सहा वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्यानं माझ्यासमोर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत फ्लॅश गॉर्डनचा एक जुना अंक होता, जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून आणलेला. मी किंमत विचारली. त्यानं सांगितली. त्या एका अंकाच्या किमतीत १९८८ साली आख्खी पेटी चारदा आली असती. मी म्हटलं, एवढे पैसे? तर म्हणाला, "बाबा, मुद्दल तुम्ही विकलं होतं, मी व्याजासकट सोडवून आणलं." आणि हसला. मी काही हसू शकलो नाही. त्या अंकाला मी कव्हर घातलं आहे.

तेव्हापासून नातवाबरोबर आणि आता आपल्या कॉलनीतल्या पोरांबरोबर मी हे सगळं पुन्हा वाचायला आणि पाहायला लागलो. त्यातून ज्या गोष्टींची मी स्वतःच्या जबाबदारीवर शिफारस करतो, त्या सांगतो. कर्ज मंजूर करताना जशी आम्ही छाननी करायचो, तशी छाननी करूनच सांगतो आहे.

पहिली शिफारस, आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी, टिनटिनची चंद्रावरची दोन पुस्तकं. बेल्जियमचे चित्रकार हर्जे यांनी ती १९५० पासून मासिकातून क्रमशः काढली, पुस्तकरूपात १९५३ आणि १९५४ मध्ये आली. खरा माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. लाल-पांढऱ्या चौकटींचं ते रॉकेट तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. यात राक्षस नाहीत, सम्राट नाहीत, म्हणून काटेकोर बोलायचं तर हा स्पेस ऑपेरा नाही. पण तिकडे जाण्याची ही उत्तम पायरी आहे. त्यात एक प्रसंग आहे. रॉकेटमध्ये ठरल्यापेक्षा जास्त माणसं निघतात आणि परतताना प्राणवायू सगळ्यांना पुरणार नाही हे लक्षात येतं. ज्याच्या हातून आधी चूक झालेली असते, असा एक माणूस इतरांना श्वास पुरावा म्हणून गुपचूप बाहेर निघून जातो. हे वाचून माझा नातू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आबाजी, तो वाईट होता की चांगला?" या प्रश्नासाठी ते पुस्तक विकत घ्यावं. आणखी एक गंमत, त्या पुस्तकात टिनटिनला चंद्रावरच्या एका गुहेत बर्फ सापडतो. आपलं चांद्रयान-१ २००८ मध्ये गेलं आणि पुढच्या वर्षी चंद्रावर पाण्याच्या खुणा मिळाल्याचं जाहीर झालं.

दुसरी शिफारस, घरातल्या सगळ्यांसाठी, 'वॉल-ई' हा २००८ चा चित्रपट. पिक्सार कंपनीचा, अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला. पृथ्वी कचऱ्यानं भरून गेली आहे, माणसं एका प्रचंड यानात बसून निघून गेली आहेत आणि कचरा उचलणारा एक छोटा यंत्रमानव मागे एकटाच राहिला आहे. सातशे वर्षं झाली आहेत. यानातली माणसं खुर्चीवर पडून समोरच्या पडद्याकडे पाहत लठ्ठ झाली आहेत, त्यांना धड उभंही राहता येत नाही. सुरुवातीचा बराच भाग जवळजवळ बिनसंवादाचा आहे, त्यामुळे भाषेची अडचण नाही. आपल्या मावशींनी हा चित्रपट पोरांबरोबर पाहिला आणि म्हणाल्या, "हा डब्बा एकटाच कचरा उचलून राहिला, बाकीचे कुठी गेले? आपल्या नालीसारखंच झालं हे." पुढच्या रविवारी चार पोरं खराटे घेऊन नालीवर उतरली. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तिसरी शिफारस, वयात येणाऱ्या मुलांसाठी, 'ट्रेझर प्लॅनेट'. डिस्नेचा २००२ चा चित्रपट. स्टीव्हनसन यांची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी आपल्यापैकी काहींनी शाळेत वाचली असेल. तीच गोष्ट समुद्राऐवजी अवकाशात नेली आहे. जहाजाला शिडं आहेत आणि ती सूर्यप्रकाशावर चालतात. हे अगदीच हवेतलं नाही. जपाननं २०१० मध्ये 'इकारोस' नावाचं खरंखुरं सौरशिडाचं यान अवकाशात चालवून दाखवलं आहे. गोष्टीतल्या मुलाचा बाप घर सोडून गेलेला आहे आणि अर्धा यंत्राचा असलेला एक खानसामा, जो मुळात चाचा आहे, म्हणजे समुद्री लुटारू, तो त्या मुलाला हाताशी धरतो. चित्रपट धंद्यात पडला होता. पण आम्ही बँकवाले जाणतो, बुडीत खात्यातही कधी कधी भला माणूस असतो.

चौथी शिफारस, बारा-तेरा वर्षांच्या पुढे, जपानचा 'गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९'. लेजी मात्सुमोतो यांची १९७७ मध्ये सुरू झालेली चित्रकथा, त्यावर १९७९ मध्ये चित्रपट निघाला. लाखनीला रेल्वे नाही, आपल्याला भंडारा रोडला जावं लागतं. या गोष्टीत तर कोळशाच्या इंजिनासारखी दिसणारी आगगाडी थेट तारामंडळात जाते. तेत्सुरो नावाच्या पोराची आई मारली गेली आहे. त्याला न मरणारं यंत्राचं शरीर मिळवायचं आहे, म्हणून तो त्या गाडीत बसतो. वाटेत एकेका ग्रहावर तो अशी यंत्रशरीराची माणसं पाहतो. त्यांना मरण नाही, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या दुःखाशी काही देणंघेणंही उरलेलं नाही. मी पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस, गुडघे बदलून घ्यायचा सल्ला डॉक्टर देऊन राहिले. मला ती गोष्ट पोरांपेक्षा जास्त लागू पडली. काही दृश्यं मनाला लागणारी आहेत, म्हणून लहानग्यांना दाखवू नका.

पाचवी शिफारस, वाचणाऱ्या मुलींसाठी, आणि मुलांसाठीही. फ्रान्समधली 'व्हॅलेरियन' ही चित्रकथा. पिएर क्रिस्तां यांनी लिहिली, जां-क्लोद मेझिएर यांनी काढली, १९६७ मध्ये सुरू झाली. इंग्रजीत मिळते. त्यातली लॉरलीन ही नायिका कुठे बांधून ठेवलेली, सुटकेची वाट पाहणारी राजकन्या नाही. बऱ्याच वेळा नायकापेक्षा तीच हुशारीनं वागते. फ्लॅश गॉर्डनमधल्या डेलला मात्र दर चार पानांनी कोणीतरी पळवून नेतं. आपल्या नाती चांद्रयानाच्या बातम्या पाहून वाढून राहिल्या. त्यांना लॉरलीन भेटायला हवी.

आणि मराठीत? अशी रंगीत अवकाश-कॉमिक्स मराठीत फारशी झाली नाहीत, याची मला खंत आहे. पण गोष्टी आहेत. डॉ. जयंत नारळीकर यांचं 'यक्षांची देणगी' हे पुस्तक प्रत्येक घरात असावं. या माणसाची एक गोष्ट पोरांना जरूर सांगा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती स्वतःच्या नावानं नाही. नाव दिलं नारायण विनायक जगताप. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून. आणि कथेला बक्षीस मिळालं. २० मे २०२५ रोजी ते गेले. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या गोष्टीही मिळतात का पाहा. कार्टून पाहिल्यावर पोराच्या हाती मराठी पुस्तक द्यायचं, ही जोडी सुटू देऊ नका.

आता दोन-चार सावधगिरीच्या गोष्टी. जामीनदार झालो तर अटी सांगायला हव्यात.

एक, जुन्या गोष्टींत जुने दोष आहेत. फ्लॅश गॉर्डनमधला मिंग चिनी माणसासारखा काढला आहे, कारण त्या काळी तिकडे आशियाई माणसाला खलनायक दाखवायची रीत होती. हे पोरांना सांगा. आपणही आशियाईच. पुस्तक लपवण्यापेक्षा त्यातली खोट दाखवणं बरं.

दोन, विज्ञान तपासा. या चित्रपटांत अवकाशात स्फोटाचा मोठा आवाज होतो. तिथे हवा नाही, आवाज कशातून जाणार? यानं एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जेवणाच्या सुट्टीत जाऊन येतात. खरं म्हणजे सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं लागतात, तर सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा प्रकाश यायला सव्वाचार वर्षं. १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-१ ज्या वेगानं जाऊन राहिलं, त्या वेगानं तेवढं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. आम्ही चित्रपट संपला की 'चुका शोधा' हा खेळ खेळतो. जो सर्वांत जास्त चुका काढेल त्याला एक पेढा. हा हिशेब पोरांनी स्वतः पाटीवर मांडला आहे. गणितात कमी मार्क पडणाऱ्यांनीसुद्धा.

तीन, काही ज्येष्ठ मित्र म्हणतात, आपल्याकडे पुष्पक विमान होतंच की, परक्यांच्या गोष्टी कशाला? पुष्पक विमान मलाही प्रिय आहे. गोष्ट म्हणून ते सांगू, गोष्ट म्हणून हेही सांगू. आणि विमान खरं कसं उडतं ते विज्ञानाच्या पुस्तकातून सांगू. तिन्हींची खाती वेगळी ठेवली की ताळेबंद बरोबर जुळतो.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाची. पोराच्या हातात मोबाइल देऊन आपण दुसऱ्या खोलीत जाऊ नका. सोबत बसा. एक चित्रपट, मग अर्धा तास बोलणं, आणि त्या दिवशी पुरे. चोरून उतरवलेली प्रत नको, पैसे भरून पाहायचं.

आता तो ठराव. आपल्या समाजभवनामागची खोली मंडप-डेकोरेशनचं सामान ठेवायला भाड्यानं द्यावी, महिना चार हजार रुपये, असा प्रस्ताव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. त्यावर सूचक म्हणून कोणाची सही आहे? माझी. कोषाध्यक्ष असताना मीच तो मांडला. वर्षाला अठ्ठेचाळीस हजार मिळतात, खोली रिकामी पडली आहे, असं मी लिहून दिलं आहे.

खोली रिकामी नाही. गेल्या उन्हाळ्यापासून दर रविवारी दुपारी तिथे पोरं बसतात. एका सभासदानं दिलेला जुना टीव्ही आहे, माझं एक कपाट आहे, त्यात ऐंशी-नव्वद पुस्तकं आहेत. पोरांबरोबर पाच-सात म्हातारेही येतात. त्यातल्या काहींची मुलं पुण्या-बंगळूरला, काहींची परदेशात. आठवड्यात तेवढेच दोन तास त्यांच्या कानावर पोरांचा गलका पडतो. हे मी प्रस्तावात लिहिलं नाही, कारण हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नव्हता.

काही सभासदांनी मला स्पष्ट विचारलं आहे, आमच्या घरात लहान मूलच नाही, आम्ही कशाला नुकसान सोसावं? प्रश्न रास्त आहे. उत्तर आकड्यातच देतो. चार हजार रुपये भागिले बत्तीस घरं, म्हणजे घरटी महिना सव्वाशे रुपये. ज्यांना जड वाटत असेल अशा दोन घरांचा वाटा माझ्या पेन्शनमधून मी भरीन. त्यांची नावं मला सांगू नका, सचिवांना सांगा.

मागच्या गणेशोत्सवात पोरांची चित्रकला स्पर्धा झाली. विषय होता 'माझे अवकाशयान'. तिसरीतल्या एका पोरीनं यान काढलं आणि त्याला नाव दिलं 'चुलबंद', आपल्या नदीचं. यानात पाण्याची एकच टाकी आणि टाकीशेजारी धानाची हिरवी बांधी. मी विचारलं, यानात बांधी कशाला ग? म्हणाली, "तारा लय दूर आहे नं. डब्बा पुरणार नाही. तिथंच रोवणं करावं लागीन." यानाला खिडक्या किती, तर मोजून बत्तीस. घरटी एक.

एकदा एक पेटी मी रद्दीत घातली. तेव्हा पोरगा खाली बसून अंक सरळ करून देत होता आणि मी तराजू पाहत होतो. दुसरी पेटी मला विकायची नाही. म्हणून आज या सभेसमोर सांगतो, सूचक म्हणून मी माझा प्रस्ताव मागे घेण्याचा अर्ज सचिव साहेबांच्या हाती देतो आहे. हा घ्या साहेब, तारीख आणि सही तपासून घ्या. सर्वसाधारण सभा काय ठरवेल ते मला मान्य राहील. पण मत देण्याआधी एका रविवारी दुपारी तीन वाजता त्या खोलीत येऊन बसा, एवढी विनंती. या रविवारी 'वॉल-ई' पुन्हा लावणार आहोत. येताना आपली सतरंजी आणा, संस्थेच्या दोनच आहेत.

या वेळी कोणी पेंगलं नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय सहकार!